सामासिक अंतर

परवानगी हातात आली त्या दिवशी
सुगंधाने कागदाला हळदकुंकू लावलं, शिक्क्याच्या अगदी शेजारी.
मला वाटलं, झालं. घर झालं.
खाली बारीक अक्षरात एकवीस अटी होत्या.
चौतीस वर्षं मराठी शिकवलं मी,
आणि शेवटचं पान वाचलं नव्हतं.

अट सातवी : जोत्यापर्यंत काम आल्यावर कळवावे.
तपासणी झाल्याशिवाय वर एक वीटही नाही.

कळवलं. आणि थांबलो.
उलव्याच्या त्या भूखंडावर गुडघ्याएवढं जोतं,
खांबांच्या सळया आभाळात,
टोकांवर मोकल ठेकेदाराने उलट्या घातलेल्या
पाण्याच्या बाटल्या. वारा आला की वाजायच्या.
अकरा दिवस.
संध्याकाळी सुगंधा थर्मास घेऊन यायची,
जोत्यावर फिरून खोल्या दाखवायची :
इथे देव, इथे तुमची पुस्तकं,
आणि इथे बसून मी तुमच्याशी बोलणार नाही.

बाराव्या दिवशी बाई आल्या, स्कूटरवरून.
कनिष्ठ अभियंता. हाटकर आडनाव. आमच्या धाकटीच्या वयाच्या.
एक हेल्मेट काढलं, दुसरं पिवळं चढवलं.
चहा नको. पाणीही स्वतःचं.
"काका, टेपचं ते टोक धरा."

धरलं.
बापाची शेती पावलांनी मोजलेली होती, बांध सवयीने.
ती गेली. तिच्या साडेबारा टक्क्यांतून
हा तुकडा आला, भलत्याच गावाच्या खाजणात.
तेव्हा मोजायला कोण आलं होतं, मला आठवत नाही.
मी शाळेत होतो, पाढे म्हणत.

पुढे तीन मीटर, बरोबर. मागे बरोबर.
डावीकडे बाई थांबल्या.
गुडघ्यावर बसून पुन्हा मोजलं.
ओटा नऊ इंच बाहेर.

"सामासिक अंतरात येतोय."

सामासिक!
द्वंद्व, तत्पुरुष, बहुव्रीही,
फळ्यावर किती खडू झिजवले मी या शब्दावर :
दोन पदं जवळ येतात, मधलं काहीतरी गळतं.
इथे तर मधलंच राखायचं होतं.
मग आठवला दुसरा समास, वहीतला,
डावीकडची लाल रेघ.
ती ओलांडली म्हणून
किती पोरांना मी अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं.

मोकल पुढे सरकला, आवाज खाली आणून :
"मॅडम, नऊच तर इंच. बघून घेऊ ना."
बाई लिहीत होत्या. लिहीतच राहिल्या.
मी मोकलला गप्प केलं.
खरं सांगायचं तर
खिशात तेव्हा माझाही हात होता.

"शेजारी तर कुणीच नाही," मी म्हटलं.
शेजारी गवत होतं, तीन बगळे, एक फुटका कमोड.
"येतील," बाई म्हणाल्या. "त्यांनाही खिडकी लागेल.
आणि आग लागली तर शिडी कुठून न्यायची?"
एवढंच बोलल्या. हेल्मेट बदललं, गेल्या.

रविवारी जाकीर मिस्त्रीने ओटा फोडला.
घर उभं राहायच्या आधीच
घरातलं काहीतरी पाडलं आम्ही.
सुगंधा त्या मोकळ्या पट्टीत जाऊन उभी राहिली,
दोन्ही हात पसरून.
बोटं कुठेच टेकली नाहीत.
"एवढं सोडायचं?" म्हणाली.
मग बराच वेळ तशीच उभी होती.

जोत्याचा दाखला आला. पुढे स्लॅब, पुढे टाकी,
शेवटी भोगवटा प्रमाणपत्र.
भोगवटा. तो मिळेपर्यंत राहायला जायचं नाही.
आता प्रत्येक कागद मागून वाचायला लागलोय.

ओटा अरुंद आहे. खुर्ची मावत नाही.
संध्याकाळी आम्ही आडवे बसतो, एकामागे एक,
होडीत बसल्यासारखे.
ती पुढे.